खेळातून मामा कापला

स्वेड्रू,
ता. ३ ऑक्टोबर १९९४

चि. अराबा हिस,

मामाचे अ. उ. आशीर्वाद. या वेळी ते दात-ओठ खात लिहिले आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

क्वेसी अट्टा काल आक्र्याहून परत आला. डोळे दाखवायला गेला होता. जाता जाता म्हणे तुमच्या विद्यापीठात डोकावला, तुमची तालीम चालली होती ती मागच्या बाकावर बसून पाहिली. आल्या आल्या माझ्या ओट्यावर बसला, पाणी मागितलं आणि म्हणाला की कोबिना, तुझ्या खेळात तू नाहीस. मी हसलो. त्याला मोतीबिंदू आहे, तेव्हा मामा उजव्या बाजूने आला असेल आणि याला दिसला नसेल, असं मी म्हटलं. तर म्हणतो कसा, की मोतीबिंदू डोळ्यांत आहे, कानांत नाही. मामाचं गाणंही नाही. एसी शेवटी एकटीच गाठोडं उचलते आणि चालती होते म्हणे. टाळ्या!

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अगं, 'एसीला कोण विचारतो' हा खेळ या कोबिना एसुमानने बांधला. कागदावर एक ओळ नाही, सगळा ट्रकमध्ये बसून तोंडी बसवला, आणि सतरा वर्षं स्वतः मामा होऊन केला, ॲक्सिमच्या समुद्रापासून वर उत्तरेत बोल्गापर्यंत. आई मेलेली पोर, सावत्र आई तिला उपाशी ठेवते, आणि पाचव्या तासाला आईचा भाऊ छत्री घेऊन येतो आणि भाचीला हात धरून घरी नेतो. एवढाच तर खेळ आहे! सावत्र आईचं काम करणाऱ्या या अट्टाला लुगड्यासकट बायकांनी बदडलंय, ते कशासाठी? मामा येईपर्यंत त्यांना दम निघत नव्हता म्हणून. मामा काढला की उरलं काय? दोन तास एका पोरीला मारत बसायचं?

माझ्याकडच्या सहाही टेप मी माझ्या हातांनी तुला दिल्या. तू म्हणालीस की हल्ली पाच तास कुणी बसत नाही, नाट्यविभागाला सुधारित खेळ हवाय, छोटा करू. मी म्हटलं करा. दारुड्या पहारेकऱ्याचा विनोद कापा, पाद्र्याचा प्रवेश कापा. मामा कापायला कुणी सांगितलं?

कुणी ते मला ठाऊक आहे. तुमचा तो दिग्दर्शक, सेलोर्म. व्होल्टा नदीपलीकडचा पोरगा. त्यांच्यात मुलं बापाची. आपल्यात मूल आईच्या घराण्याचं आणि आई गेली की मामाचं, हे त्याला कोण सांगणार? त्याला मामा म्हणजे बारशाला येऊन जेवून जाणारा पाहुणा वाटत असेल.

आणि हा खेळ तुम्ही २६ नोव्हेंबरला इथे, माझ्या गावात आणताय! गावच्या प्रमुखांना मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं, ते येतो म्हणालेत. चर्चमधून खुर्च्या सांगितल्यात. बाजारातल्या बायका मला गेली वीस वर्षं मामा म्हणूनच हाक मारतात, माझं खरं नाव विसरल्यात त्या. सगळ्या येणार. त्यांच्यासमोर माझ्याच खेळात माझं नाक कापणार का? मामा परत घाला. नाहीतर मी आक्र्याला येतो आणि टेप उचलून आणतो.

मामीने तुझ्यासाठी सुकी मासळी बांधून ठेवली आहे. रागावलो मी आहे, ती नाही. खोकला कसा आहे ते कळव.

लोभ पूर्वीइतकाच आहे, फक्त तो आज बाहेर काढत नाही.

तुझा मामा,
कोबिना एसुमान


आक्रा,
ता. ९ ऑक्टोबर

ती. मामा यांस,

शि. सा. न., खाली वाकूनच, कारण वर पाहिलं तर तुमचे डोळे दिसतील.

पत्र मिळालं. माझ्या खोलीतल्या मुलीने विचारलं की कोण गेलं? मी म्हटलं कोणी गेलं नाही, माझ्या मामांना खेळातून काढलंय. ती म्हणाली, मग गेल्यापेक्षा वाईट.

मामा, जरा शांत व्हा. मामी म्हणते की तुमचं रक्त चढलं की कानाच्या पाळ्या लाल होतात, त्या आता इथून दिसतायत. खेळ छान होतोय. एसीचं काम मीच करते हे तुम्हाला ठाऊक आहेच. दोन गिटार आहेत, ढोल तिघे वाजवतात, आणि तुमची सगळी भुकेची गाणी जशीच्या तशी ठेवलीत. पहारेकरी गेला. पाद्री गेला. सावत्र आईला आम्ही एक नवं गाणं दिलंय, ती वाईट का झाली ते सांगणारं. अट्टाकाकांनी ते ऐकलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, हे त्यांनी सांगितलं नसणार.

सेलोर्मवर चिडू नका. त्याच्या परीक्षेचा खेळ आहे हा. फार कष्टाळू आहे. शेवट त्याने एकट्याने ठरवलेला नाही. आता जाहिराती छापून झाल्यात, शेवट बदलता येणार नाही. आणि खरं सांगू? मामा छत्री घेऊन येतो आणि सगळं ठीक होतं, हे आता लोकांना पटत नाही.

तुम्ही आक्र्याला येऊ नका. गुडघे दुखतील. खोकला बरा आहे. मासळी अट्टाकाका पुन्हा डोळे दाखवायला येतील तेव्हा पाठवा.

तुमच्या लोभातली माझी वाटणी राखून ठेवावी.

तुमची,
अराबा


स्वेड्रू,
ता. १४ ऑक्टोबर

रा. रा. सेलोर्म यांस,

न. वि. वि. पुढे विनंती वगैरे काही नाही.

मी कोबिना एसुमान. ज्या खेळावर तुम्ही परीक्षा देताय तो माझा आहे. तुमचा जन्म व्हायच्या आधी मी तो बोगोसोच्या खाणीपाशी उघड्यावर केलाय, पावसात, एकही माणूस उठून गेला नाही. तुम्ही शिकलेले आहात, तुमच्याकडे जाड पुस्तकं असतील. पण ज्याला घरातली माणसं ओळखता येत नाहीत त्याने दुसऱ्याच्या घरात शिरून भिंती पाडू नयेत.

माझी भाची गरीब स्वभावाची आहे. ती तुम्हाला तोंडावर बोलणार नाही. तिची आई गेली तेव्हा तिला मी आणलं, मी वाढवलं. त्या पोरीला तुम्ही रोज संध्याकाळी उभी करून 'मला कुणी न्यायला आलं नाही' असं गायला लावता म्हणे! लाज वाटत नाही?

मामा परत घालणार की नाही, एवढंच कळवा. नाही असेल तर स्वेड्रूत पाय ठेवू नका. ठेवलात तर चर्चच्या खुर्च्यांवर तुमच्यापुढे मी एकटा बसेन आणि पहिल्या प्रवेशापासून ओरडेन. माझा आवाज अजून शाबूत आहे.

कोबिना एसुमान


आक्रा,
ता. २० ऑक्टोबर

ती. कोबिना एसुमान यांच्या चरणी,

सेलोर्मचा सा. न. वि. वि.

आपलं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा बसून. आपण रागावलात यात मला नवल नाही. लहानपणी आजोळी होतो तेव्हा आपल्या कंपनीचा हाच खेळ मी पाहिलाय, मामा आला तेव्हा मी माझ्या मामांच्या मांडीवर उभा राहून ओरडलो होतो. आमच्यात मुलं बापाची हे खरं आहे. पण मला शाळेत घातलं ते मामांनीच, म्हणून आपला तो टोमणा मला जरा लागला.

आता जे लिहितोय ते लिहू नये असं दोन दिवस वाटत होतं. मामाचा प्रवेश मी कापलेला नाही. माझ्या पहिल्या आराखड्यात तो होता, आणि आपलं गाणंही होतं. अराबाने तो काढायला लावला. मी तीन वेळा नाही म्हणालो. चौथ्यांदा ती म्हणाली की मामा येणार असेल तर एसीचं काम दुसऱ्या कुणालातरी द्या. का, ते मला आजही ठाऊक नाही. तो शेवट तिने एका बैठकीत लिहिला आणि आमच्यापैकी कुणालाही त्यातला एक शब्द बदलता आला नाही, इतका तो पक्का होता.

हे मी तिला न विचारता लिहितोय. ती माझ्यावर चिडेल. पण आपण समजता तशी ती गरीब स्वभावाची नाही, हे आपल्याला कळायला हवं असं मला वाटलं.

आपल्या क्षमेचा आणि जमल्यास आशीर्वादाचा इच्छुक,
सेलोर्म


स्वेड्रू,
ता. २४ ऑक्टोबर

अराबा,

तो पोरगा लिहितो ते खरं का?

मामा


आक्रा,
ता. २९ ऑक्टोबर

ती. मामा यांस,

सा. न.

खरं आहे. मी कापला.

सेलोर्मशी मी गेले दोन दिवस बोलत नाही आहे. पण त्याने लिहिलं ते बरंच झालं. मला तुमच्या तोंडावर सांगायला आयुष्यात जमलं नसतं. तुम्ही माझ्यासमोर उभे राहिलात की मला तुमचं मीठ आठवतं आणि माझी जीभ टाळ्याला चिकटते. कागदाला तोंड नाही, म्हणून लिहिते.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. फेब्रुवारी ऐंशी. तुम्ही अंत्यविधीला आलात, दुखवट्याचं तांबडं वस्त्र नेसून, आणि मला मांडीवर घेऊन म्हणालात की दोन आठवड्यांत न्यायला येतो. ताकोराडीत बाबांच्या घरी मला ठेवलंत. बाबा गोदीवरून यायचे ते जेवून झोपायचे. त्यांच्या नव्या बायकोबद्दल मी काही लिहीत नाही. तुमच्या खेळात अट्टाकाका ते फार चांगलं करायचे, एवढंच म्हणते.

दोन आठवडे! मी रोज ओट्यावर बसायचे. मग माझी शाळा कायमची सुटली आणि मी रस्त्यावर पाणी विकायला लागले, डोक्यावर पातेलं घेऊन. ओट्यावर बसायलाही वेळ मिळेना.

तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. मी ती कुणालाच सांगितलेली नाही, मामीलाही नाही. एक्क्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये तुमची कंपनी सेकोंडीला आली होती. आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं. दुपारी तुमचा ट्रक जाहिरात करत आमच्या रस्त्याने गेला. वर मोठा रंगवलेला फळा होता, त्यावर तुम्ही, काळी छत्री, आणि तुमचा हात धरलेली लाल झग्यातली मुलगी. आणि भोंग्यातून तुमचा आवाज. या हो या, भाचीला विसरत नाही तो मामा पाहायला या. मी पातेलं खाली टाकलं आणि धावले. मामा, मामा म्हणून ओरडत. पण मामा, रस्त्यावरचं प्रत्येक पोर मामा म्हणूनच ओरडत होतं! तुम्ही मागच्या फळीवर उभे होतात. हसलात आणि हात हलवलात. सगळ्यांना मिळून.

पातेल्याला पोचा आला म्हणून मला मार बसला, तो सोडा. त्या आठवड्यात तुम्ही तिथे तीन खेळ केलेत. तीनदा छत्री घेऊन येऊन एका लाकडी स्टुलावर एसी होऊन बसलेल्या नटाला हात धरून घरी नेलंत, आणि सगळ्या सेकोंडीने डोळे पुसले. मला न्यायला आलात ते ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत. दोन वर्षांनी. संचारबंदी लागली, खेळ बंद पडले, ट्रक उभा राहिला, तेव्हा. करायला दुसरं काही उरलं नाही तेव्हा तुम्हाला मी आठवले.

नंतर तुम्ही मला कधी काही कमी केलं नाहीत. म्हणूनच तर मला आजवर रागावता आलं नाही. लोक म्हणायचे, बघा, खेळातल्यासारखाच मामा आहे. आणि तुम्ही मान हलवायचात! बारा वर्षं मी तुमच्या शेजारी उभी राहून ती मान हलताना पाहिलीय. एकदा तरी तुम्ही म्हणायला हवं होतं की मला उशीर झाला. एकदा.

म्हणून मी कापला. माझ्या खेळात एसी स्वतःच उठते. तुम्हाला टेप परत हव्या असतील तर अट्टाकाकांबरोबर पाठवते. स्वेड्रूचा प्रयोग रद्द करायचा तर करा, चर्चला खुर्च्या नको म्हणून सांगा. पण मामा परत येणार नाही.

लोभाबद्दल या पत्रात काही मागत नाही.

अराबा


स्वेड्रू,
ता. ८ नोव्हेंबर

चि. अराबा हिस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण सवयीने लिहिला गेला, तो राहू दे.

तुझं पत्र आल्यापासून मी चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. पहिल्यात मी तुझ्यावर ओरडलो होतो. कृतघ्न म्हटलं होतं. त्र्याऐंशीत अख्खा देश उपाशी असताना मी कसाव्याची मुळी कुठून कुठून आणली आणि पहिला घास तुला दिला, ते सगळं त्यात होतं. दुसऱ्यात लिहिलं की ट्रकमध्ये सोळा पुरुष झोपायचे, तिथे मुलीला कुठे ठेवणार होतो? तिसऱ्यात लिहिलं की तुझ्या बापाला सरकारी नोकरी होती, तुझी शाळा होती, मला वाटलं तू सुखात आहेस. ते मामीला वाचून दाखवलं. ती भांडी घासत होती. तिने मान वर न करता विचारलं की वाटलं, की वाटून घेतलं? मी तेही फाडलं. चौथं फार गोड झालं होतं. स्टेजवर म्हणण्यासारखं. त्याचीच मला सगळ्यात जास्त शिसारी आली.

म्हणून आता नुसतं लिहितो. सेकोंडीला मला माहीत होतं की तू जवळ आहेस. पहिल्या दिवशी ठरवलं उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी एका बाईने स्टेजवर चढून माझ्या गळ्यात नवं वस्त्र घातलं, आणि म्हणाली की तुझ्यासारखा भाऊ मला असता तर. त्यानंतर मला तुझ्या दारात येण्याची लाज वाटायला लागली. लाज वाटली की माणूस लांब राहतो, आणि लांब राहिला की आणखी लाज वाटते. शेवटी खेळ बंद पडले आणि रोज तो मामा व्हायची सोय गेली, तेव्हा आलो. हे तू बरोबर ओळखलंस.

ट्रकमागे धावणारी पोरं मला आठवतात. मला वाटायचं, ही माझी कीर्ती.

मला उशीर झाला, अराबा. दोन वर्षं. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं आणि लोकांसमोर मान हलवायला नको होती.

खेळ तुला हवा तसाच कर. स्वेड्रूतही तसाच कर. खुर्च्या सांगितलेल्याच आहेत. बाजारात मी कुणाला काही सांगितलेलं नाही. सांगायला गेलो असतो तर माझीच बाजू सांगितली असती, माझं मला ठाऊक आहे. टेप तुझ्याकडेच राहू देत. त्या सेलोर्मला सांग की म्हातारा त्याची माफी मागतो, आणि त्याच्याशी बोलायला लाग. त्याची काही चूक नाही.

लोभ ठेव असं म्हणायचा हक्क आता तुझा. मी वाट पाहतो.

मामा


आक्रा,
ता. २९ नोव्हेंबर

ती. मामा यांस,

अराबाचा सा. न. वि. वि.

प्रयोगानंतर त्या रात्री आमची गाडी तुमच्या घरावरूनच गेली. दिवा नव्हता. सेलोर्मने थांबायचं का विचारलं, मी नको म्हटलं. आता काय झालं ते मला नीट लिहून काढायचं आहे, कारण तुम्ही तिथे असूनही तुम्हाला ते स्टेजवरून दिसलेलं नाही.

एवढी माणसं मी आजवर एका आवारात पाहिलेली नव्हती. भिंतीवर चढलेली, आंब्यावर बसलेली. पहिला तास सगळे हसले, मग रडले, सावत्र आईला कुणीतरी संत्र्याची साल फेकून मारली. मग मी उंबऱ्यावर बसले आणि शेवटचं गाणं सुरू केलं. तुम्ही ऐकलंतच, तिथे ढोल थांबतात. त्या शांततेत बाजारातल्या टोमॅटोवाल्या बाईने मोठ्याने विचारलं की मामा कुठाय? मागून कुणीतरी म्हणालं, अहो तो काय तिसऱ्या रांगेत बसलाय. आणि मग सगळं आवारच सुरू झालं. मामा उठा. मामा, पोरीला न्या. म्हाताऱ्या, पाय मोडले का तुझे? प्रमुखसुद्धा खुर्चीत वळून तुमच्याकडे पाहायला लागले. अट्टाकाका तुम्हाला कोपराने ढोसत होते.

मी गाणं थांबवलं नाही. पण मला तुमचीच भीती वाटत होती. कारण मी तुम्हाला ओळखते. चार माणसांनी हाक मारली तरी तुम्ही गल्लीत उभे राहून अर्धा तास गाता. इथे तर अख्खं गाव बोलावत होतं. मला वाटलं, आता हे उठणार. उठतील, येतील, माझा हात धरतील, सगळे टाळ्या वाजवतील, आणि मी पुन्हा गप्प बसेन.

तुम्ही उठला नाहीत. मी स्टेजवरून पाहत होते. दोन्ही हातांनी पुढची खुर्ची घट्ट धरली होती आणि मान खाली. लोक चिडले. एकाने तुम्हाला दगड म्हटलं. एक बाई म्हणाली की इतकी वर्षं नुसतं सोंग केलं यानं. तुम्ही ऐकून घेतलंत. मी गाठोडं उचललं आणि त्या सगळ्या गोंगाटातून चालत बाहेर गेले, आणि खेळ माझ्या मनासारखा संपला.

मामी स्टेजमागे आली, मला कुरवाळलं, म्हणाली की ते घरी गेले, मागच्या रस्त्याने. मी तिच्या गळ्यात पडून इतकी रडले की सेलोर्म घाबरून पाणी आणायला धावला. त्याच्याशी बोलते आता मी.

मामा, मी अजून रागावलेली आहे. तो एका पत्राने जाणारा राग नाही आणि एका प्रयोगानेही नाही. मला तुमच्याशी समोर बसून भांडायचंय, मोठ्याने, मामीच्या देखत, आणि तुम्ही मध्ये गाणं म्हणायचं नाही. परीक्षा संपली की शुक्रवारी, ९ डिसेंबरला येते. गाडी साडेतीनला स्वेड्रूच्या स्टँडवर पोचते. खेळातला मामा कापलेलाच राहणार आहे. पण तुम्ही मला न्यायला या.

वेळेवर या.

तुमची भाची,
अराबा